विलंबाच्या आकड्यात दडलेला पाऊस: पणजी ते अमरगोळ

२०२५ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हवामानाशी निगडित दोन घटना लागोपाठ घडल्या. २४ मे रोजी केरळात दाखल झालेला नैर्ऋत्य मोसमी पाऊस दुसऱ्याच दिवशी संपूर्ण गोव्यावर पसरला आणि पुरुमेताची जमवाजमव चालू असतानाच त्याने गोमंतकीय घरांना गाठले. त्याच्या पुढच्या दिवशी, २६ मे रोजी, नवी दिल्लीत ‘भारत फोरकास्टिंग सिस्टीम’ या नव्या अंदाज प्रणालीचे लोकार्पण झाले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडवलेली ही प्रणाली सहा किलोमीटरच्या चौकडीत हवामानाचा अंदाज मांडते. आधीच्या प्रणालीची चौकडी बारा किलोमीटरची होती.

चौकडी बारीक झाली म्हणजे अंदाजही तितकाच नेमका होणार, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. संगणकाला गणिताच्या प्रत्येक फेरीच्या आरंभी वातावरण या घडीला कसे आहे हे सांगावे लागते. ते सांगण्यात चूक झाली तर पुढचे गणित कितीही बारीक असले तरी ती चूकच बारकाईने पुढे नेते. मोसमी प्रदेशात या आरंभीच्या माहितीतील सर्वांत दुबळा दुवा म्हणजे हवेतील बाष्प. पाऊस ज्यापासून घडतो त्याच वस्तूचे मोजमाप सर्वांत विरळ आहे.

या प्रश्नाकडे पाहण्यासाठी गोव्याच्या वाचकाला फार दूर जावे लागत नाही. नकाशावर पणजीपासून सरळ पूर्वेकडे रेघ ओढली तर ती सह्याद्री ओलांडून हुबळी-धारवाड या जोडशहरांच्या मधोमध असलेल्या अमरगोळपाशी पोहोचते. दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत आणि त्यांच्यातील हवाई अंतर जेमतेम १३५ किलोमीटर आहे. नव्या प्रणालीच्या हिशेबाने ही बावीस घरांची पट्टी झाली. या बावीस घरांत वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसाचा किनारा आहे, त्याहून कितीतरी अधिक भिजणारा घाटमाथा आहे आणि अखेरीस जेमतेम सातशे-आठशे मिलिमीटरवर भागवणारा धारवाडचा काळ्या मातीचा प्रदेश आहे. देशात इतक्या कमी अंतरात इतका उतार फार थोड्या ठिकाणी सापडतो.

अमरगोळ हे नाव गोमंतकीयांना पाठ नसेल. त्या गावाचा माल मात्र ओळखीचा आहे. हुबळीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचे विस्तीर्ण आवार अमरगोळला आहे. धारवाड, गदग आणि हावेरी या पट्ट्यातील कांदा, सुकी मिरची, कापूस आणि कडधान्ये हुबळीच्या पेठेत येतात. पुरुमेताच्या कांद्याचे आणि मिरचीचे भाव घाटावरच्या हवेवर हलतात, हे कोणत्याही गोमंतकीय गृहिणीला सांगावे लागत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी आभाळ तासाभरात भरून येते आणि वळवाची सर उघड्यावर पडलेल्या मालावर कोसळते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणीला आलेल्या कांद्याचेही तेच. अशा वेळी ‘उत्तर अंतर्गत कर्नाटकात तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ या वाक्याचा आवारातल्या माणसाला उपयोग शून्य असतो. ताडपत्री आता घालायची की संध्याकाळी, एवढेच त्याला हवे असते.

दिसत नाही ते मोजायचे कसे

पणजीच्या वेधशाळेतून आकाशात फुगा सोडला जातो. त्याच्या पोटाशी बांधलेले यंत्र वर जाता जाता तापमान, दाब आणि आर्द्रता कळवत राहते. मोजमाप उत्तम, परंतु ते दिवसातून एक-दोन वेळांचे आणि एकाच ठिकाणचे. वळवाचा पाऊस मधल्या काही तासांत जन्मतो आणि संपतो. आल्तिनोवरील डॉप्लर रडार दर काही मिनिटांनी चित्र देते. पण रडारला दिसतात ते थेंब. थेंब होण्यापूर्वीचे बाष्प त्याला दिसत नाही आणि सह्याद्रीच्या भिंतीपलीकडचे खालच्या थरातील ढग टिपण्यात त्याला अडचण येते. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस या उपग्रहांवरील यंत्रे अवरक्त किरणांनी बाष्प पाहतात. त्या किरणांना ढगाच्या खाली उतरता येत नाही. जुलैत सह्याद्रीवर ढग नसलेला दिवस शोधावा लागतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी हा डोळा झाकलेला असतो.

या अडचणीवरचा एक उपाय हवामानशास्त्रज्ञांच्या हाती वेगळ्याच व्यवसायातून आला. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अचूक वेळेचे संकेत सतत पाठवत असतात. संकेत निघाल्याची वेळ आणि पोहोचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहाचे अंतर मिळते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की जागा ठरते. परंतु हा हिशेब पोकळीतल्या वेगाचा आहे. हवेत शिरल्यावर रेडिओलहरींचा वेग किंचित मंदावतो. त्या उशिरा पोहोचतात आणि अंतर खऱ्याहून जास्त भासते. भूमापकाच्या दृष्टीने ही निव्वळ चूक. ती काढून टाकल्याशिवाय सेंटिमीटरचे मोजमाप साधत नाही, म्हणून गेली काही दशके भूमापनाचे गणित ही चूक अचूकपणे मोजून टाकून देण्याचे काम इमानाने करत आले आहे.

१९९२ मध्ये अमेरिकेतील मायकेल बेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या टाकाऊ आकड्याकडे लक्ष वेधले. हवेमुळे होणारा विलंब दोन भागांचा असतो. कोरड्या हवेचा भाग मोठा, पण संथ असतो. समुद्रसपाटीवर तो साधारण २.३ मीटर भरतो आणि हवेचा दाब ठाऊक असला की जवळजवळ तंतोतंत काढता येतो. उरलेला भाग बाष्पाचा. तो कोरड्या थंडीत काही सेंटिमीटर आणि भर पावसाळ्यात किनाऱ्यावर ४० सेंटिमीटरपर्यंत जातो. एकूण विलंबातून दाबाने ठरणारा भाग वजा केला की हाती राहते ते अँटेनाच्या डोक्यावरील संपूर्ण हवेतले बाष्प. ढोबळ प्रमाण असे: विलंबातील दर साडेसहा मिलिमीटरमागे एक मिलिमीटर पाणी. म्हणजे डोक्यावरचे सगळे बाष्प पिळून जमिनीवर ओतले तर जेवढा थर साचेल, तेवढा हा आकडा. रेडिओलहरींना ढग अडवत नाहीत, रात्र अडवत नाही, पाऊसही फारसा अडवत नाही. एकच स्थिर अँटेना दर काही मिनिटांनी हा आकडा देऊ शकते.

पणजी आणि अमरगोळ यांच्यासाठी हे गणित मांडले तर फरक चांगला स्पष्ट होतो. अमरगोळचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास उंच आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून कोरड्या हवेचा विलंब पणजीपेक्षा सुमारे १६ सेंटिमीटरने कमी भरतो. हा फरक कायमचा आहे. त्यात बातमी नाही. बातमी असते बाष्पाच्या भागात. मे महिन्याच्या एखाद्या दुपारी अमरगोळवरील बाष्पाचा आकडा दोन-तीन तासांत झपाट्याने चढू लागला, तर आभाळ अजून निळे असतानाही ढगांचे इंधन जमा होत आहे हे कळते. वळवाच्या अल्पकालीन अंदाजासाठी हीच सर्वांत मोलाची खूण. मोसमी हंगामात तर पणजी ही अमरगोळची आगाऊ चौकीच ठरते. खालच्या थरातला पश्चिमेचा वारा सेकंदाला दहा मीटरने वाहत असेल, तर पणजीवरून निघालेली बाष्पाची लाट पावणेचार तासांत अमरगोळवर पोहोचते.

आता सावधगिरीचा शब्दही इथेच लिहिलेला बरा. बाष्प म्हणजे पाऊस नव्हे. अमरगोळ पर्जन्यछायेत येते, याचा अर्थ त्याच्या डोक्यावरची हवा कोरडी असते असा अनेकांचा समज असतो. जुलै महिन्यात दख्खनच्या पठारावरून भरपूर बाष्प वाहत जात असते. सह्याद्री चढताना हवा वर उचलली गेली म्हणून घाटात ते ओतले गेले आणि पलीकडे हवा उताराला लागली म्हणून ओतले जाणे थांबले, एवढेच. पाणी डोक्यावरून निघून जाते. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये ‘वर्षधारी’ या नावाने विमानातून ढगांवर रसायने फवारण्याचा प्रयोग हाती घेतला, तो याच निघून जाणाऱ्या पाण्यासाठी. अशा प्रयोगात ढगाखाली व भोवती किती बाष्प उपलब्ध आहे हे आधी आणि नंतर मोजले गेले नाही, तर पडलेला पाऊस फवारणीचा की निसर्गाचा, हा वाद मिटण्याचे कारणच उरत नाही.

एका दिवसात किती पाणी ओलांडते

गोवा आणि हुबळी-धारवाड यांच्यातील पाण्याचा विषय निघाला की चर्चा म्हादईवर येऊन थांबते. कळसा व भांडुरा नाल्यांचे पाणी मलप्रभेत वळवून ते मुख्यतः या जोडशहरांच्या तहानेसाठी न्यायचे, हा कर्नाटकाचा आग्रह आहे. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यात गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी वाटून दिले. कर्नाटकाच्या वाट्यातील वळवण्याजोगे पाणी, म्हणजे कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८, मिळून ३.९ टीएमसी होते. निवाडा तिन्ही राज्यांना मान्य नाही आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. लवादापुढील युक्तिवादाचा मोठा भाग खोऱ्यात मुळात किती पाणी उत्पन्न होते यावर खर्ची पडला. लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचा आकडा १८८.०६ टीएमसी धरला.

या आकड्याशेजारी एक ढोबळ हिशेब ठेवून पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यातील भरल्या दिवशी गोव्यावरच्या हवेत ५५ मिलिमीटर बाष्प धरले, त्याचा सरासरी वेग सेकंदाला दहा मीटर धरला आणि किनाऱ्याची लांबी शंभर किलोमीटर घेतली, तर समुद्राकडून राज्यावर येणारे पाणी सेकंदाला ५५ हजार घनमीटर होते. चोवीस तासांत ते भरते सुमारे १६८ टीएमसी. म्हणजे लवादाने म्हादईच्या खोऱ्यासाठी वर्षाला जेवढे पाणी हिशेबात धरले, जवळपास तेवढे पाणी पावसाळ्यातील एका दिवसात बाष्परूपाने गोव्याचा किनारा ओलांडते. ज्या ३.९ टीएमसीवर दोन राज्यांनी तीन दशके कागद काळे केले, तेवढे ओलांडायला अर्धा तास पुरतो. बाष्पाचे वाटप करणारा लवाद अद्याप नेमला गेलेला नाही, हे दोन्ही राज्यांचे भाग्य.

या हिशेबाचा अर्थ तंटा क्षुल्लक आहे असा मुळीच नाही. नदीतले पाणी आणि हवेतले पाणी एक नव्हे. म्हादईचे खारे होणारे मुख आणि आटणारे ओहळ बाष्पाने भरून निघत नाहीत. मुद्दा वेगळा आहे. पश्चिमेकडून आत येणारे बाष्प आणि पूर्वेकडे बाहेर पडणारे बाष्प यांतील फरक मोजता आला, तर मधल्या सह्याद्रीने किती पाणी उतरवून घेतले याचा एक स्वतंत्र ताळा मिळतो. घनदाट जंगलाच्या घाटमाथ्यावर पर्जन्यमापके मोजकी आहेत. दरीच्या एका बाजूला पडलेला पाऊस दुसऱ्या बाजूला पडत नाही. हा नवा ताळा पर्जन्यमापकाला पर्याय होऊ शकत नाही. परंतु कोणत्याही एका राज्याच्या नोंदवहीवर अवलंबून नसलेले ते मोजमाप आहे आणि आकड्यांवर परस्परांचा विश्वास नसलेल्या शेजाऱ्यांमध्ये ही गोष्ट लहान नाही. अर्थात त्यासाठी पणजी आणि अमरगोळ असे दोन बिंदू पुरणार नाहीत. किनाऱ्यावर काही, घाटमाथ्यावर काही आणि पठारावर काही अशा अँटेनांची ओळ आणि तिच्या जोडीला निरनिराळ्या उंचीवरील वाऱ्याची नोंद हवी.

वरून पाहणारा डोळा

जमिनीवरची अँटेना बाष्प किती हे सांगते. ते कोणत्या उंचीवर किती हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी दुसरी पद्धत आहे. जुलै १९६५ मध्ये मरीनर-४ हे यान मंगळाच्या आड गेले, तेव्हा त्याचे रेडिओसंकेत मंगळाच्या विरळ हवेतून वाकून पृथ्वीवर आले. त्या वाकण्यावरून मंगळाच्या पृष्ठभागावरील हवेचा दाब किती क्षीण आहे हे प्रथमच खात्रीने कळले. चंद्रामागे तारा लपतो त्याला खगोलशास्त्रात पिधान म्हणतात, म्हणून ही रेडिओ पिधानाची पद्धत. तीच पृथ्वीला लावायची तर पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत रिसीव्हर फिरवायचा आणि क्षितिजाआड जाणाऱ्या किंवा वर येणाऱ्या जीपीएस उपग्रहाचा संकेत हवेच्या थरांतून किती वाकला ते मोजायचे. १९९५ साली अमेरिकेने हा प्रयोग यशस्वी केला. भारताने २३ सप्टेंबर २००९ रोजी सोडलेल्या ओशनसॅट-२ वर इटलीच्या अंतराळ संस्थेचे ‘रोसा’ हे याच कामाचे यंत्र होते. १२ ऑक्टोबर २०११ च्या मेघा-ट्रॉपिक्स या भारत-फ्रान्सच्या उपग्रहावरही ते बसवले गेले. तैवान आणि अमेरिका यांनी जून २०१९ मध्ये सोडलेले कॉस्मिक-२ मालिकेतील सहा उपग्रह तर मुद्दाम विषुववृत्ताच्या आसपास घिरट्या घालतात. दिवसाला काही हजार ठिकाणची उभी चित्रे त्यांच्याकडून मिळतात आणि त्यांत अरबी समुद्रही असतो, जिथे फुगे सोडायला कुणी नाही.

२०२० च्या टाळेबंदीत विमाने जमिनीवर बसली आणि विमानांकडून मिळणाऱ्या वाऱ्या-तापमानाच्या नोंदी आटल्या, तेव्हा युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या अंदाज केंद्राने एका खासगी कंपनीच्या उपग्रहांकडून याच पद्धतीच्या नोंदी वापरायला घेतल्या. पद्धत किती भरवशाची झाली आहे, याची ती पावती होती. तिचीही मर्यादा आहेच. एका पिधानाचे मोजमाप आडव्या दिशेने दोन-तीनशे किलोमीटर हवेची सरासरी सांगते. पणजीपासून अमरगोळपर्यंतची आपली सगळी बावीस घरे त्या एका सरासरीत बुडून जातात. शिवाय दमट प्रदेशातील अगदी खालच्या एक-दोन किलोमीटरमध्ये, जिथे बाष्प सर्वाधिक असते, तिथेच हे मोजमाप डळमळते. वरचा डोळा आणि खालची अँटेना एकमेकांची उणीव भरून काढतात, ती अशी.

परतलेल्या संकेतांचाही उपयोग आता होऊ लागला आहे. १६ ऑगस्ट २०२४ रोजी सोडलेल्या ईओएस-०८ या उपग्रहावरचे एक यंत्र समुद्र आणि जमीन यांवरून परावर्तित होऊन आलेले दिक्चालन संकेत पकडते. ओल्या आणि कोरड्या मातीवरून संकेत वेगळे परततात, त्यावरून जमिनीतील ओल अजमावता येते. धारवाडच्या काळ्या जमिनीत पेरणीची वाफ कधी येते हा प्रश्न शेतकरी मूठभर माती दाबून सोडवत आला. त्याच प्रश्नाचे हे आकाशातून दिलेले उत्तर अजून प्रायोगिक अवस्थेत आहे.

आणखी एक थर राहिला. हवेच्या पुष्कळ वर, शंभर किलोमीटरपलीकडे, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेले आयनांबर आहे. तेही संकेताला अडवते, पण दोन वारंवारतांना वेगवेगळे. म्हणून दोन वारंवारता वापरून त्याचा हिशेब वेगळा काढता येतो. भारतावरचे आयनांबर जगात सर्वांत चंचल भागांपैकी आहे. चुंबकीय विषुववृत्त देशाच्या दक्षिण टोकावरून जाते आणि सूर्यास्तानंतर त्यात बुडबुडे उठून उत्तरेकडे पसरतात. विमानांना उतरताना अचूक स्थान देणारी ‘गगन’ ही इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांची प्रणाली उभारताना परदेशी आयनांबर प्रारूप इथे चालले नाही, भारतासाठी वेगळे घडवावे लागले. गगनच्या देशभरातील पंधरा संदर्भ स्थानकांपैकी एक गोव्यात आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे, तिथून वरच्या वातावरणाचा वेध गेली अनेक वर्षे घेतला जातो. म्हणजे या प्रदेशाला हे शास्त्र नवे नाही, माणसेही आहेत.

आकडे कुणाचे

यंत्रांची वानवा हेही कारण आता सांगता येणार नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर अखंड चालणाऱ्या संदर्भ स्थानकांचे जाळे उभारले आहे. त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. गावठाणातील घरांची मालमत्तापत्रके देणारी स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाली, तेव्हा ड्रोनच्या मोजणीला सेंटिमीटरची अचूकता मिळावी म्हणून या जाळ्याला गती आली. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही सुरुवातीच्या राज्यांत होती. प्रत्येक स्थानक अहोरात्र उपग्रहांचे संकेत नोंदवते आणि त्याच्या गणितात हवेचा विलंब रोज काढला जातो. हवामान खात्याची स्वतःची बाष्प मोजणारी अशी केंद्रे मात्र सुमारे पंचवीसच आहेत. एका बाजूला पंचवीस, दुसऱ्या बाजूला हजार, आणि दोघांचे संकेत त्याच आकाशातून येणारे.

जपानने हा पेच सोडवून दाखवला आहे. तिथल्या भूसर्वेक्षण संस्थेने भूकंपात जमीन किती सरकते हे पाहण्यासाठी सुमारे तेराशे स्थानके उभारली. बाष्पाचा विलंब तिला नकोसा होता. हवामान संस्थेने तो मागून घेतला आणि ऑक्टोबर २००९ पासून आपल्या अंदाजाच्या रोजच्या गणितात वापरायला सुरुवात केली. युरोपात २००५ पासून अनेक देशांच्या भूमापन संस्थांचे विलंबाचे आकडे एकत्र करून हवामान केंद्रांना देणारी व्यवस्था चालते. दोन्हीकडे नवीन यंत्रांपेक्षा दोन कार्यालयांमधील एक करार निर्णायक ठरला.

भारतात सर्वेक्षण विभाग विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाकडे, हवामान खाते भूविज्ञान मंत्रालयाकडे, गगन विमानतळ प्राधिकरण आणि इस्रो यांच्याकडे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपयांच्या ‘मिशन मौसम’ला मंजुरी दिली. त्यात नवी रडार, वारामापक यंत्रे आणि महासंगणक यांना स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु आधीच उभ्या असलेल्या हजार अँटेनांचा विलंब-आकडा दर पंधरा मिनिटांनी पुण्याच्या आणि नोएडाच्या संगणकांपर्यंत पोहोचवणे हे त्याच पैशातील सर्वांत स्वस्त काम ठरेल. अँटेनाचे अचूक स्थान किंवा कच्चे संकेत जाहीर करण्याबाबत सुरक्षेची काळजी असेल तर ती समजण्याजोगी आहे. विलंबाच्या एका आकड्यातून मात्र कोणतेही गुपित फुटत नाही. कच्ची नोंद विभागाकडेच राहू द्यावी आणि गणित होऊन आलेला आकडा तेवढा बाहेर यावा, हा मार्ग मोकळा आहे.

याने काय साधले असते, हे २३ जुलै २०२१ च्या संदर्भात पाहता येते. त्या दिवशी दूधसागर आणि सोनावळी यांच्यामध्ये दरड कोसळून मंगळूरहून मुंबईकडे वळवून नेलेली एक्स्प्रेस गाडी रुळांवरून घसरली. जीवितहानी झाली नाही हे सुदैव. त्याच दिवशी म्हादईच्या आणि तिच्या उपनद्यांच्या पुराने सत्तरी आणि बार्देशातील घरांत पाणी शिरले. त्याच सुमारास महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अतिवृष्टीचा इशारा होता. कोणत्या दरीत, कोणत्या तासाला, हे त्या इशाऱ्यात नव्हते. घाटाच्या दोन्ही बाजूंचे बाष्प मिनिटामिनिटाला दिसत असते तरी दरड थांबली नसती. कुळे ते कॅसलरॉक या तीव्र चढाच्या मार्गावर गाड्या कुठे आणि किती वेळ रोखून धरायच्या, हा निर्णय घेणाऱ्याच्या हाती मात्र आणखी एक आकडा असता. दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय हुबळीत आहे. वास्कोहून घाट चढून लोंढामार्गे हुबळीला जाणारी गाडी मुख्यालय गाठण्यापूर्वी अमरगोळच्या छोट्या स्थानकावरूनच पुढे जाते.

एक व्यावहारिक अडचण उरते आणि ती अगदी साधी आहे. विलंबातून बाष्प वेगळे काढायला अँटेनाजवळचा हवेचा दाब आणि तापमान लागते. दाबात एक हेक्टोपास्कलची चूक झाली तर बाष्पाच्या आकड्यात साधारण एक तृतीयांश मिलिमीटरची चूक येते. जमीन मोजण्यासाठी उभारलेल्या स्थानकाला वायुभारमापकाची गरज नसते. तो बसवायला फार खर्च नाही. बसवला नाही तरी जवळच्या हवामान नोंदीवरून, उंचीची दुरुस्ती करून, काम भागवता येते. अमरगोळच्या पलीकडे काही किलोमीटरवर धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठात शेतीहवामानाच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या जात आहेत. इकडे पणजीत हवामान खात्याची वेधशाळा आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी या दोन टोकांच्या दाबाच्या नोंदी आणि मधल्या पट्ट्यातील सर्वेक्षण स्थानकांचे विलंब एकाच तक्त्यात आणण्याचा प्रयोग करायचा झाला, तर त्यासाठी लागणारी परवानगी तीन कार्यालयांची आहे.